चिवट, चिकट, तुपकट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी दिवाळीचा फराळ घरीच होत असे आणि मिठाई मात्र बाहेरून, खोक्यांतून येत असे. चकल्या, कडबोळी, चिरोटे आणि अनारसे यांचे पितळी डबे स्वयंपाकघरातल्या फळीवर आजीच्या नजरेखाली असत. मिठाईची खोकी बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, सगळ्यांना दिसतील पण मुलांचे हात पोहोचणार नाहीत अशा वरच्या कप्प्यात असत. कोजागरीपासून संक्रांतीपर्यंत अशी चार-पाच खोकी घरात येत, आणि प्रत्येक खोके ठरलेल्या गावाहून, ठरलेल्या माणसाच्या हातून येई. सुरतेची घारी आत्या आणी, खंभातचे हलवासन वडील आणत, मुंबईहून माहीम हलवा आणि कराची हलवा मामा घेऊन येई, आणि सोनपापडी कुणाकडूनही येई. या सगळ्यांच्या चवीत फारसा फरक नव्हता, कारण साखर, तूप आणि वेलदोडा यांचीच सत्ता सगळीकडे होती. घरात तट पडत ते पोतावरून: दातांखाली काय होते, जिभेवर काय उरते आणि टाळूला काय चिकटते यावरून. चिवट, चिकट, तुपकट, रवाळ, भुसभुशीत, लुसलुशीत, ठिसूळ हे सारे शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी त्या खोक्यांभोवती झालेल्या वादांतून शिकले.

त्यांतले पहिले आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचे खोके खंभातचे. खंभात म्हणजे जुन्या मराठीतले खंबायत, एके काळचे मोठे बंदर. आखातात गाळ साचत गेला आणि बंदराचे वैभव ओसरले, तरी अकीक दगड घासून दागिने घडवणारे कारागीर आणि मिठाईवाले तिथे राहिले. वडिलांच्या बँकेने त्यांना तीन वर्षे तिथे पाठवले होते. शनिवारी दुपारी ते एके काळच्या गायकवाडी मुलखातल्या पेटलादवरून आणंदला येत, तिथे गाडी बदलत आणि दिवे लागायच्या सुमारास बडोद्याला पोहोचत. त्यांच्या पिशवीत कागदात गुंडाळलेले, पांढऱ्या सुतळीने बांधलेले अर्ध्या किलोचे खोके असे. बदली होऊन ते बडोद्याला परत आल्यावरही त्यांनी हा शिरस्ता मोडला नाही. थंडीत एकदा तरी ते मुद्दाम खंभातला जाऊन येत.

ज्यांनी हलवासन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. दूध फाडून त्यात लापशीचा रवा, तुपात तळलेला डिंक आणि साखर घालून ते मिश्रण आटेपर्यंत ढवळत राहतात. त्याला जायफळ-वेलदोड्याचा वास असतो, आणि आटवणे आणि साखर करपू न देता तांबूस होऊ देणे या दोन्हींमुळे त्याला गडद तपकिरी रंग येतो. मग त्याच्या लहान चपट्या वड्या थापून वर बदामाचा एक तुकडा दाबतात. दिसायला ती वडी साधी, जवळजवळ ओबडधोबड असते. खरी गंमत तोंडात गेल्यावर सुरू होते. तळलेला डिंक दुधात विरघळून पुन्हा आपला मूळचा चिकटपणा धारण करतो, त्यामुळे वडी पहिल्या चाव्याला तुटत नाही. ती वाकते, दातांना धरून ठेवते, आणि त्या चिकटपणातून लापशीचे कण एकेक करून जिभेवर सुटत राहतात. चिकट आणि रवाळ हे दोन पोत एका पदार्थात इतक्या सलोख्याने नांदताना मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

आजी हलवासनाच्या पक्षाची होती. तिचे खालचे बरेच दात गेलेले होते, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, तिने त्याची एक पद्धत बसवली होती. ती वडीचा चतुर्थांश तोडून डाव्या गालात धरी आणि चावायचे नाव काढत नसे. गालाच्या उबेने तो तुकडा हळूहळू सैल होई आणि दहा-पंधरा मिनिटे पुरे. तेवढ्या वेळात तिला कुणी काही विचारले तर ती उत्तर देत नसे, फक्त उजव्या हाताचे एक बोट वर करी. त्याचा अर्थ, थांबा, अजून आहे. घरातली मोलकरीण, दूधवाला, उंबरठ्यावर आलेल्या शेजारच्या काकू, सगळे त्या बोटासमोर निमूट थांबत. वडील मात्र हलवासन खात नसत. "दातांना चिकटतं हो, दिवसभर जीभ तिथेच जाते," असे ते आजीला दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी तिच्यासाठी खोके आणत. स्वतःला न आवडणारी वस्तू इतक्या निष्ठेने आणणारा माणूस हे तेव्हा मला अगदी साहजिक वाटत असे. त्यातले मोठेपण कळायला फार वर्षे गेली.

घारीच्या बाबतीत तट वेगळे पडत. महाराष्ट्रातल्या वाचकांना घारी म्हटले की लाल भोपळ्याच्या घाऱ्या आठवतील, पण सुरती घारीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. खवा, पिस्ते, बदाम आणि वेलदोडा यांचे पुरण मैद्याच्या पातळ पारीत भरून ती तुपात तळतात, आणि मग थिजत आलेल्या तुपात पुन्हा पुन्हा बुडवून तिच्यावर पांढऱ्या तुपाचे जाड कवच चढवतात. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला सुरतेत चांदनी पडवा म्हणतात, तिथली कुटुंबेच्या कुटुंबे चांदण्यात बसून घारी आणि भुसूं, म्हणजे आपला तिखट चिवडा-फरसाण, खातात. सन 1857 मध्ये तात्या टोपे यांच्या सैनिकांसाठी घारी केली गेली अशी एक आख्यायिका सुरतेत सांगतात. आत्या सासरी सुरतेला असल्यामुळे ती ही गोष्ट दरवर्षी नव्याने सांगे, आणि येवल्याचे तात्या म्हणून आजी ती दरवर्षी समाधानाने ऐके.

काकांना घारी सहन होत नसे. मेणबत्तीचा तुकडा चावल्यासारखे वाटते, असे ते म्हणत, आणि सुरीने वरचे तूप खरवडून आतले पुरण तेवढे खात. आत्याला ते पाहवत नसे. "दादा, तूप नको असेल तर घारी कशाला घेतोस, करंजी घे," असे ती स्पष्ट सांगे. या वादात दोघांचेही काही अंशी बरोबर होते, आणि त्याचे कारण हवामानात होते. तूप एका ठरावीक अंशाला एकदम पातळ होणारी वस्तू नाही. त्यातले वेगवेगळे घटक वेगवेगळ्या उष्णतेला सुटतात, आणि तोंडाच्या 37 अंशांच्या उबेला बहुतेक सगळे पाघळते. आश्विनातल्या बडोद्याच्या दुपारी घारीचे कवच आधीच मऊ पडून ओशट झालेले असे, आणि काका घारी खात ते नेमके दुपारच्या जेवणानंतर. आत्या रात्री उशिरा, गच्चीवर, गारवा उतरल्यावर खाई. तेव्हा कवच कडक असे, दातांखाली हलकेच तडकत असे, आणि मग सगळ्या तोंडात एकदम विरघळून जाई. मी दोन्ही वेळा खाऊन पाहिली आहे आणि मी आत्याच्या बाजूची आहे. घारी ही रात्रीची मिठाई आहे. तिचा न्याय दुपारी करू नये.

माहीम हलवा आम्हा मुलांचा. मामा रात्रीच्या बडोदा एक्सप्रेसने मुंबईहून निघे आणि पहाटे घरी येऊन आंघोळीला जाण्यापूर्वी खोके आजीच्या हातात देई. झाकण उघडले की आत पोथीच्या पानांसारखे चौकोनी, पातळ ताव एकावर एक रचलेले असत, आणि प्रत्येक दोन तावांमध्ये तूप प्यायलेला अर्धपारदर्शक कागद. पांढरे, केशरी आणि फिकट हिरवे. वर बदाम-पिस्त्यांचे काप आणि वेलदोड्याचे दाणे लाटून आत बसवलेले. एक ताव उजेडाकडे धरला की खिडकीचे गज त्यातून अंधुक दिसत. तो कागदावरून न फाटता सोडवणे हे आमच्यातले कसब होते, आणि माझी धाकटी बहीण त्यात सर्वांत हुशार होती. पुढे मतभेद सुरू होत. काही जण एक एक ताव उचलून सुटा खात, म्हणजे तो जिभेवर ओल्या कापडासारखा पसरतो आणि टाळूशी लागून विरतो. काही जण दोन-तीन ताव एकत्र दुमडून चावत, म्हणजे त्याला जरा अंग येते आणि तो तुटताना मागे ओढतो. काकूंना तो मुळातच कागद खाल्ल्यासारखा वाटे.

त्याचा हा ताणला जाणारा पोत मला परका कधीच वाटला नाही, आणि त्याचे कारण आमच्या गच्चीवर होते. उन्हाळ्यात कुरडया करताना गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक निघतो तो शिजवला की साखर-दूध घालून मुलांना वाटीभर मिळत असे. माहीम हलव्यामागेही गव्हाचे तेच सत्त्व आहे. साखर, दूध आणि तूप यांच्याबरोबर ते घट्ट होईपर्यंत शिजवायचे आणि गरम असतानाच कागदांमध्ये धरून पातळ लाटायचे, एवढी त्याची मूळ कल्पना. ज्याने लहानपणी गरम चीक खाल्ला आहे त्याच्या जिभेला माहीम हलवा ओळखीचा लागतो. ज्याने खाल्लेला नाही त्याला तो कागद वाटतो. काकूंच्या माहेरी कुरडया विकत आणत असत, हे मी इथे नोंदवून ठेवते.

कराची हलव्याबद्दल थोडक्यात. तो मक्याच्या पिठाचा. गरम पाण्यात पिठाचे सूक्ष्म कण फुगून फुटतात, निवताना त्यांची जाळी बनते, आणि त्या जाळीत साखर अडकून तो काचेसारखा पारदर्शक आणि रबरासारखा चिवट होतो. पाकात लिंबू पिळतात ते साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. चार-आठ दिवसांनी तीच जाळी आवळत जाते आणि वडी आणखी घट्ट होते, म्हणून आमच्याकडे ताज्या हलव्याचे आणि शिळ्या हलव्याचे असे दोन उपपक्ष होते. मी शिळ्याची. दातांना तो अधिक झुंजवतो आणि त्यातला काजू सापडेपर्यंत वेळ लागतो.

सोनपापडीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिच्यावर अन्याय होतो आहे. दिवाळीत एका घराने दुसऱ्याला दिलेले खोके न उघडता तिसऱ्याकडे जाते अशी थट्टा आता सर्वत्र चालते, आणि तरुण मंडळी ती आवडीने पुढे पाठवतात. ती थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी सोनपापडी होताना पाहिली आहे, असा प्रश्न मला पडतो. साखरेचा गोळीबंद पाक ओढून ओढून पांढरा करतात, त्याचे कडे करतात, ते कडे तुपात भाजलेल्या बेसन-मैद्यात ठेवून चार जण चार बाजूंनी ओढतात, आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन दुमडतात आणि पुन्हा ओढतात. प्रत्येक घडीला पदर दुप्पट होतात. 12 घड्या झाल्या की एका कड्याचे 4,096 पदर झालेले असतात, आणि पाक निवून कडक होण्यापूर्वी हे सारे उरकावे लागते. खंभातचीच सुतरफेणी हीदेखील याच कुळातली, आणखी तलम, जवळजवळ कापसाचा पेळू. ती उचलताना श्वास रोखावा लागतो. सोनपापडीचा तुकडा दातांनी चावायचा नसतो. तो जिभेवर ठेवून टाळूने दाबला की तंतू आधी किंचित टोचतात, मग एकदम खचतात, आणि भाजलेल्या बेसनाची चव मागून येते. ज्यांना ती कोरडी, भुसभुशीत, घशात बसणारी वाटते, त्यांचे म्हणणेही मी नाकारत नाही, कारण स्वस्त खोक्यांत शुद्ध तुपाच्या जागी वनस्पती तूप असते. ते तोंडाच्या उबेला तितके पाघळत नाही आणि टाळूवर त्याचा थर राहतो. पण तो दोष सोनपापडीचा नव्हे.

तिचा खरा शत्रू ओलावा आहे. पाकाचे ते तंतू हवेतले पाणी शोषून घेतात, चिकटतात आणि त्यांचा गोळा होतो. आजी म्हणूनच सोनपापडीचे खोके उघडले की ते त्याच दिवशी संपवायला लावी आणि उरलेले घट्ट झाकणाच्या डब्यात हलवी. दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका नावाजलेल्या दुकानातून आमच्याकडे भेटीचे मोठे खोके आले. प्लॅस्टिकच्या तबकात कप्पे पाडून त्यात काजूकतली, कराची हलवा, सोनपापडी आणि मोतीचुराचे लाडू शेजारी शेजारी मांडलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हलव्यातला ओलावा सोनपापडीने ओढून घेतलेला होता. हलव्याच्या कडा टणक झालेल्या आणि सोनपापडीचा लगदा. दोन परस्परविरोधी पोतांना एका झाकणाखाली कोंडण्याचा हा विचार ज्याने केला त्याने त्या दोन्ही मिठाया कधी लक्ष देऊन खाल्लेल्या नसाव्यात, असे मला वाटले आणि मनापासून वाईट वाटले.

जुन्या खोक्याला ही समज होती. एका गावाची एकच मिठाई, एकाच खोक्यात. पुठ्ठ्याची सपाट घडी दुकानदार आपल्या डोळ्यांदेखत मोडून खोके उभे करी, तळाशी कागद घाली, मिठाई रची, वरून कागदाची दोन टोके आत वळवी आणि छताला टांगलेल्या रिळातून दोरा खाली ओढून दोन फेऱ्यांत गाठ मारी. हलवासनाचे खोके अगदी भरगच्च असे, कारण त्या वड्या एकमेकींना टेकल्याने बिघडत नाहीत. घारीच्या खोक्यात प्रत्येक नगासाठी कागदाची वाटी असे, कवच तडकू नये म्हणून. आता बदलले आहे त्यातले सगळेच वाईट नाही, हेही सांगायला हवे. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईपुढेही ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे ती तारीख लावणे दुकानांना बंधनकारक झाले, आणि खव्याच्या मिठाईच्या बाबतीत त्याची फार गरज होती.

मला बोचते ते वेगळेच आहे. गेल्या पौषात मी खंभातला गेले होते, वडिलांच्या सांगण्यावरून. ते आता 86 वर्षांचे आहेत, कवळी लावतात, आणि आजी गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी हलवासनाचे नाव काढलेले नव्हते, एका सकाळी चहा पिताना अचानक म्हणाले, "खंभातला कुणी जाणार असेल तर बघा." मी स्वतःच गेले. पहिल्या दुकानात जी वडी चाखायला दिली ती तोंडात घालताच पेढ्यासारखी मोडली. लापशीचे कण बारीक केलेले, डिंक नावापुरता. मी विचारले तेव्हा दुकानदार नम्रपणे म्हणाले, "हवे बधाने पोचुं जोईए, बेन." आता सगळ्यांना मऊ हवे असते. त्यांचे चूक नव्हते; काउंटरवर माझ्याआधी उभ्या असलेल्या दोन्ही गिऱ्हाइकांनी आनंदाने तेच घेतले होते. पण बडोद्यातही मी हेच पाहते आहे. दर दिवाळीला काजूकतलीचे ढीग उंच होतात, कारण तिच्याशी कुणाचे भांडण नाही; ती गुळगुळीत आहे, चटकन संपते, आणि तिच्यावरून कुठल्याही घरात दोन तट पडत नाहीत. ज्या मिठायांवरून माणसे भांडत असत त्या एकेक करून मऊ केल्या जात आहेत.

तिसऱ्या दुकानात मला हवे ते मिळाले. वडी बोटांनी वाकवली तर ती तुटली नाही, वाकली. दाताखाली तिने धरून ठेवले. मी एक किलो घेतले आणि आणंदच्या गाडीत खोके मांडीवर ठेवून बसले.

घरी आल्यावर मला काळजी वाटली की कवळीला हे झेपायचे नाही. म्हणून मी एक वडी गरम दुधात कुस्करून वाटीत दिली. दुधात ते छान विरघळते, जायफळाचा वास दरवळतो, आणि बाळंतिणीलाही असे देतात. वडिलांनी चमचा फिरवून पाहिला आणि वाटी बाजूला सारली. मग कवळी काढून पाण्यात ठेवली, खोक्यातली एक वडी घेतली, तिचा चौथा भाग तोडला आणि तो डाव्या गालात धरला. आयुष्यभर ज्याला ते चिकट म्हणत आले ते त्यांनी तसेच, न चावता, राहू दिले. थोड्या वेळाने मी विचारले, "बाबा, कसं आहे? आजीच्या वेळचं वाटतं का?"

त्यांनी उजव्या हाताचे एक बोट वर केले.